विदर्भातला वाघ, त्याची मोजदाद आणि जंगलांमधली जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर-नागपूर पट्ट्यात कॅमेरे लावायला आणि ट्रान्सेक्ट लाइन (जनावरं मोजायला आखलेली सरळ रेषा) चालायला चार हंगाम गेले की माणसाला प्रश्नांची सवय होते. टपरीवरचा प्रश्न वेगळा, ग्रामसभेतला वेगळा, सफारीला आलेल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा तिसराच. पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे जमवले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

वाघ मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी पायी चालतात. देशभरची व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते आणि तिची सुरुवात बीटातल्या, म्हणजे जंगलाच्या सगळ्यांत लहान भागातल्या, वनरक्षकापासून होते. तो ठरलेल्या वाटांवर पहाटे चालतो आणि पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, लघवीच्या फवाऱ्याचा वास, जे मिळेल ते मोबाइलमधल्या एम-स्ट्राइप्स या ॲपवर नोंदवतो. मग दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालून चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर यांची नोंद होते. त्याच रेषेवर लेंड्या आणि झाडोराही तपासला जातो. या नोंदींना उपग्रहाच्या चित्रांची जोड मिळाली की वाघ असण्याची शक्यता कुठे आहे ते कळतं.

त्यानंतर कॅमेरे. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात वाघ जाईल अशा वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे गुडघ्याच्या उंचीवर बांधायचे. समोरून उष्ण अंगाचं काही सरकलं की फोटो निघतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात कार्डावर हजारो फोटो निघतात आणि त्यातले बहुतेक गाईंचे, सायकलींचे, सरपणाच्या मोळ्यांचे आणि वाऱ्याने हललेल्या गवताचे असतात. अस्वल कॅमेऱ्याला नाक लावून जातं, माकडं पट्टा ओढून बघतात. २०१८ च्या गणनेत देशात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक फोटो निघाले. त्यातले वाघाचे ७६,६५१.

दोन कॅमेरे कशाला? एकाने भागत नाही?

वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. एकाच बाजूचा फोटो हाती असेल तर कालचा डावा आणि आजचा उजवा हे एकाच वाघाचे की दोघांचे, ते सांगता येत नाही. दोन्ही बाजू एकाच क्षणी टिपल्या की त्या वाघाचं आधारकार्ड तयार झालं म्हणा. पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाहीत. जुळवणीचं पहिलं काम संगणक करतो, पण शेवटची खात्री डोळ्यांनीच करावी लागते.

म्हणजे एकच वाघ दोनदा मोजला जातो, ही ओरड खोटी?

फोटोतल्या वाघांपुरती तरी खोटी. नेत्याच्या सभेतली गर्दी मोजायची तशी ही मोजणी होत नाही. वाघ कितीदा दिसला याने वाघांची संख्या वाढत नाही, उलट तो वारंवार दिसला तर अंदाज अधिक पक्का होतो. कसा, ते पुढच्या उत्तरात.

जे कॅमेऱ्यात आलेच नाहीत ते वाघ कसे मोजता? अंदाजपंचे?

अंदाज खरा, पण पंचे नव्हे. या प्रश्नाला मी नेहमी गुरांचं उदाहरण देतो.

गावाची गुरं जंगलात चरायला गेली आहेत. एकूण किती, ठाऊक नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला ३० गुरं दिसली. तुम्ही त्यांच्या शिंगांना गेरू लावलात आणि सोडून दिलीत. चार दिवसांनी पुन्हा गेलात. पुन्हा ३० दिसली, पण गेरू लावलेली त्यात फक्त १० निघाली. म्हणजे दिसलेल्यांपैकी तिसरा हिस्सा गेरूचा. गेरू लावलेली गुरं मुळात ३० होती. तर ती ३० ही साऱ्या कळपाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असणार, आणि कळप ९० च्या आसपास. एकाही गुराख्याला न विचारता उत्तर मिळालं.

वाघाला गेरू लावावा लागत नाही, पट्टे आहेतच. हीच रीत कॅमेऱ्यांवर बसवण्याचं काम डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत केलं आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आता गणित बरंच पुढे गेलं आहे. वाघ कोणत्या कॅमेऱ्यापाशी, किती वेळा, कॅमेरे एकमेकांपासून किती लांब, हे सगळं धरून दर १०० चौरस किलोमीटरमागे वाघ किती ते काढतात. गेरूच्या गोष्टीला मात्र एक अट आहे, तीच कॅमेऱ्यांनाही लागू पडते. दोन फेऱ्यांच्या मध्ये नवी गुरं आत येता कामा नयेत आणि जुनी बाहेर जाता कामा नयेत. म्हणून कॅमेरे थोड्या आठवड्यांतच गुंडाळतात. वर्षभर ठेवले तर मधल्या काळात पिल्लं मोठी होतात, म्हातारे मरतात, बाहेरचे येतात आणि हिशोब फिसकटतो.

२०१८ ला २,९६७ हा जो आकडा जाहीर झाला, त्यातल्या २,४६१ वाघांचे प्रत्यक्ष फोटो होते, म्हणजे सुमारे ८३ टक्के. उरलेल्यांसाठी खुणा, भक्ष्य आणि जंगलाची स्थिती यांवरून गणिताने अंदाज केला. या उरलेल्या भागावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाले आहेत आणि ते रास्त आहेत. पण तो वाद पद्धतीचा आहे. "आकडे घरी बसून लिहिले" या आरोपाशी त्याची गल्लत करू नये.

बुद्धपौर्णिमेला आम्ही मचाणावर रात्रभर जागलो. आमची गणना सरकार धरत का नाही?

कारण ती गणना नाहीच. पूर्वी पाणवठ्यावरच्या नोंदींना गणना म्हणायचे. आता वनविभागही त्याला निसर्गानुभव म्हणतो, आणि हे नाव जास्त प्रामाणिक आहे. एक वाघीण रात्री आठला एका पाणवठ्यावर आणि पहाटे तीनला दुसऱ्यावर येऊ शकते. चंद्रप्रकाशात पट्टे ओळखू येत नाहीत. कोणी डुलकी काढतो, कोणी रानडुकराला अस्वल समजतो (मी समजलो आहे). मे महिन्यात पाऊस पडला तर कोणी पाण्यावर येतच नाही. म्हणून त्या रात्रीचा आकडा वर्तमानपत्रापुरता. रात्र मात्र जागावी. जंगलाचे आवाज तशा रात्रीतच कळतात.

आमचे आजोबा पंजाच्या ठशावरून वाघ सांगायचे. ते खोटं होतं का?

ठशावरून नर की मादी, ताजा की शिळा, एकटी की पिल्लांसोबत, हे सांगणारी माणसं आजही आहेत आणि त्यांच्याशिवाय कॅमेरा कुठे बांधायचा ते आम्हाला कळत नाही. खोटं ठरलं ते वेगळंच. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा आणि त्यावरून देशातला एकेक वाघ ओळखायचा, हा दावा. १९७२ ची पहिली देशव्यापी गणना अशीच झाली आणि १,८२७ हा आकडा आला. एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा, धुळीत वेगळा, चालताना वेगळा, धावताना वेगळा उमटतो. शिवाय आपल्या हद्दीतले वाघ कमी झाले असं कोणता अधिकारी लिहून देणार? राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००४-०५ मध्ये उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. त्या धक्क्यानंतर पद्धत बदलली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणही त्याच धक्क्यातून उभं राहिलं.

बरं, मग महाराष्ट्रात वाघ आहेत तरी किती?

२०२२ च्या गणनेप्रमाणे ४४४. २०१८ मध्ये ३१२ होते, २०१४ मध्ये १९०, २००६ मध्ये १०३. देशात २०२२ चा सरासरी अंदाज ३,६८२.

हे आकडे एकापुढे एक मांडताना जपून. दरवेळी जास्त जंगल पिंजलं गेलं आहे, कॅमेरे वाढले आहेत. त्यामुळे वाढीतली काही वाढ ही वाघांची आणि काही आपल्या डोळ्यांची. एक वर्षाखालची पिल्लं यात धरलेली नसतात. वाघ वाढले आहेत याबद्दल मात्र शंका नको, ब्रह्मपुरीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

माझं मत विचाराल तर राज्याचा एक आकडा हा सगळ्यांत कमी कामाचा आकडा. ४४४ पैकी मेळघाटात किती, नागझिऱ्यात किती, आणि किती वाघ व्याघ्रप्रकल्पांच्या हद्दीबाहेर राहतात, हे विचारायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची दाटी आणि सह्याद्रीत वर्षानुवर्षं एखाद-दुसरा नर, अशा दोन टोकांची सरासरी काढून कोणाचंच भलं होत नाही.

चितळ-सांबरं मोजायची काय गरज? ती तर ढिगाने आहेत.

सगळीकडे नाहीत. आणि वाघाचं गणित शेवटी त्यांच्यावरच येतं.

ढोबळ हिशोब असा आहे. एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढ्या सुमारे ५० जनावरांची शिकार लागते. भक्ष्याच्या कळपातला साधारण दहावा हिस्सा वर्षाला वाघाने उचलला तरच कळप टिकतो. म्हणजे एका वाघापाठी जंगलात ५०० जनावरं उभी हवीत. गवताची कुरणं, बारमाही पाणी आणि बांबू असेल तिथे ती असतात. ज्या जंगलात गावाची गुरं गवताचं पातंही शिल्लक ठेवत नाहीत आणि फासे लागतात, तिथे कागदावर हजार चौरस किलोमीटर जंगल असलं तरी वाघ उपाशी.

यांची मोजणी ट्रान्सेक्ट लाइनवर होते. सूर्य उगवताना दोघांनी न बोलता चालायचं, कळप दिसला की तो किती मीटरवर आणि कोणत्या कोनात, ते अंतरमापक आणि होकायंत्राने लिहायचं. रेषेपासून जितकं लांब तितकं जनावर नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त. किती सुटली असतील ते अंतरांवरून गणिताने भरून काढतात. हे काम कॅमेऱ्याइतकं दिमाखदार नाही, त्यामुळे याचे फोटो कोणी मागत नाही.

एका जंगलात किती वाघ मावतात?

जंगलावर आहे. भरपूर भक्ष्य असेल तर एका वाघिणीला २० चौरस किलोमीटरच्या आसपास पुरतात. रशियाच्या अतिपूर्वेला, बर्फात, तिलाच ४०० च्या घरात लागतात. नराचा इलाका दोन-तीन वाघिणींच्या इलाक्यांवर पसरलेला असतो.

आता दुसरा आकडा बघा. वाघांची वस्ती दीर्घकाळ स्वतःच्या पायावर टिकायची तर पिल्लं देणाऱ्या किमान २० वाघिणी हव्यात, आणि त्यासाठी ८०० ते १,००० चौरस किलोमीटर निर्मनुष्य गाभा हवा, असं व्याघ्र संवर्धनात मानलं जातं. ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२६ चौरस किलोमीटर आहे. बोर तर व्याघ्रप्रकल्प झाला तेव्हा १३८ चौरस किलोमीटरचा होता. महाराष्ट्रात सहा व्याघ्रप्रकल्प आहेत आणि मेळघाट सोडला तर एकाचाही गाभा एवढा नाही.

मग हे वाघ टिकले कसे? हा प्रश्न मला क्वचितच कोणी विचारतो, म्हणून मीच विचारतो. ते टिकले कारण ताडोबा हे एकटं जंगल नाही. त्याच्याभोवती बफर, म्हणजे गावं-शेतं असलेला राखीव पट्टा, आहे. बफरपलीकडे ब्रह्मपुरी, चंद्रपूर, मध्य चांदा ही प्रादेशिक वनं आहेत. वनविकास महामंडळाचे सागवान आहेत, झुडपी जंगल आहे, नाले आहेत, धानाच्या बांध्या आहेत. तिथून उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा, पेंच, कान्हा, खाली तेलंगणातलं कवल. वाघाच्या लेखी हे एकच घर आहे. खोल्यांमध्ये आपण राहतो, एवढंच.

पिल्लं मोठी झाली की जातात कुठे?

दीड-दोन वर्षांची झाली की आईपासून सुटतात. मुली शक्यतो आईच्या शेजारी इलाका धरतात, मुलगे चालू लागतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण नर २०१९ मध्ये असाच निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं. तो काही काळ तेलंगणाच्या आदिलाबादेत गेला, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असं करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. दिवसा नाल्यात, शेताच्या कडेच्या झुडपांत पडून राहायचा आणि रात्री निघायचा. वाटेवरच्या बहुतेक गावांना आपल्या पऱ्हाटीतून वाघ गेला याचा पत्ताही लागला नाही. ज्ञानगंगा २०५ चौरस किलोमीटरचं, भक्ष्य बऱ्यापैकी. एकच उणीव, तिथे वाघीण नव्हती.

२०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच आणखी एक नर धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. मराठवाड्यात वाघ म्हटल्यावर लोकांनी आधी हसण्यावारी नेलं होतं.

या दोघांच्या बातम्या झाल्या. रस्त्यावर, रेल्वेखाली किंवा रानडुकरासाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेवर जे संपले, त्यांची बातमी चार ओळींची असते. बोरचा बाजीराव नावाचा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीच्या धडकेने गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये बल्लारशा-गोंदिया मार्गावर तीन पिल्लं रेल्वेखाली आली.

भ्रमणमार्ग म्हणजे काय? आमच्या शेतातून गेला तर शेती बंद होणार का?

ग्रामसभेत हा प्रश्न नेहमी मागच्या रांगेतून येतो आणि तो येताच सभा शांत होते.

नकाशावर हिरवा पट्टा रंगवलेला असतो, त्यामुळे लोकांना वाटतं रस्त्यासारखी आखीव वाट असेल आणि तिच्यावर आता कुंपण पडेल. तसं नाही. भ्रमणमार्ग म्हणजे दोन जंगलांच्या मधला असा सलग मुलूख जिथून जनावराला लपत-छपत जाता येतं. त्यात शेतीही असते. धान, तूर, कापूस यांनी वाघाची वाट अडत नाही, तुमच्या नांगराने तर नाहीच. वाट अडते ती चौपदरी रस्त्याच्या दुभाजकाने, कोळशाच्या खुल्या खाणीने, काँक्रीटच्या उघड्या कालव्याने, कंपाउंड घातलेल्या लेआउटने. शेतजमीन अकृषक झाली की वाट बंद व्हायला लागते. म्हणजे शेतकरी शेती करत राहिला तर वाघाला बरंच आहे. शेतकऱ्याला त्याचं काय मिळतं, हा मात्र खरा प्रश्न आहे आणि त्याचं पटण्याजोगं उत्तर अजून कोणाकडे नाही. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा वेळेत झाला तरी लोकांचा राग निम्म्याने उतरतो, हा अनुभव आहे.

एकेक जंगल नीट राखलं तर पुरे की. जोडायचा अट्टहास कशाला?

ओडिशातल्या सिमिलिपालचं बघा. तिथले वाघ बाकीच्या वाघांपासून तुटलेले आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे काळे पट्टे एकमेकांत मिसळून अंग जवळजवळ काळं दिसतं. पर्यटकांना हे अप्रूप. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये यामागचा जनुकातला एकच बदल शोधून काढला. इतरत्र जवळपास न दिसणारा हा बदल सिमिलिपालात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाघांच्या अंगावर उघड दिसतो. थोड्याच पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या आपसात सोयरीक झाली की असंच होतं. रंग बदलला म्हणून कोणी मरत नाही. पण जे दोष अंगावर दिसत नाहीत तेही याच वाटेने साठत जातात.

मध्य भारतात तसं झालेलं नाही. विष्ठेतल्या डीएनएवरून इथल्या जंगलांमधली सोयरीक तपासली आहे आणि कान्हा, पेंच, ताडोबा, मेळघाट यांच्यात देवाणघेवाण चालू असल्याचं दिसतं. जिथे मध्ये दाट वस्ती आणि वाहता रस्ता आहे तिथे ती रोडावते.

रस्त्याखालच्या भुयारातून वाघ खरंच जातो? की ठेकेदाराची सोय?

जातो. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचला कापून जातो. न्यायालयात बराच काळ भांडण चाललं आणि मग महाराष्ट्राच्या बाजूला मनसर ते खवासा या टप्प्यात रस्ता नऊ ठिकाणी उचलला गेला. काही ५० मीटर रुंद, सगळ्यांत मोठा ७५० मीटरचा. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये त्यांच्याखाली कॅमेरे लावले तेव्हा १८ जातींची जनावरं ये-जा करताना सापडली, त्यात वाघही. चितळ तर खाली सावलीत चरत होते. वर ट्रक, खाली चितळ.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाण्याच्या मोरीला रंग देऊन भुयार म्हणता येत नाही. उंची, रुंदी, पलीकडचा उजेड आणि मुख्य म्हणजे दोन्ही तोंडांना जंगल शिल्लक असणं, यांपैकी एक जरी चुकलं तर तिथे फक्त शेळ्या आणि दारूच्या बाटल्या सापडतात.

जास्तीचे वाघ उचलून दुसरीकडे का सोडत नाही?

सोडतात. ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी मे २०२३ मध्ये नागझिऱ्यात सोडल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातली एक वाघीण सह्याद्रीतल्या चांदोलीत नेली. दोन्हीकडे वाघिणीच का, ते वर आलंच आहे. नर स्वतः चालत पोचतो, वाघीण एवढ्या लांब सहसा जात नाही.

पण उपद्रवी जनावर उचलायचं आणि डोळ्यांआड सोडून द्यायचं, हा वेगळा उद्योग आणि त्याचा धडा महाराष्ट्रानेच घेतला आहे. जुन्नर भागात २००१ नंतर पिंजऱ्यात धरलेले बिबटे मोठ्या संख्येने जवळपासच्या जंगलांत सोडले गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेलेले दिसले. अनोळखी मुलुखात सोडलेला, पिंजऱ्यात धुमसलेला बिबट्या घराच्या दिशेने निघतो आणि वाटेत गावं लागतात.

उसातला बिबट्या जंगलातून पळून आलेला असतो ना?

नाही. तो उसातच जन्मला, आणि बहुधा त्याची आईही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं राहतात आणि नाव घेण्याजोगं जंगल नाही, तिथे अत्रेय यांच्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे निघाले. तितकेच तरस. खाणं मुख्यतः कुत्री, मांजरं आणि शेळ्या. "जंगलात अतिक्रमण झालं म्हणून बिबट्या आला" हे वाक्य भाषणात शोभतं, उसाच्या फडाला लागू होत नाही.

माणसं मरतात, त्याचं काय? तुम्हाला वाघाचीच पडली आहे.

हा आरोप तोंडावर झालेला आहे आणि ज्या घरात तो झाला तिथे मी काही बोललो नाही.

एवढं सांगता येईल की बळी गेलेले बहुतेक लोक पोटासाठी जंगलात गेलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, वर्षभर सरपण आणि गुरं. पहाटेचा अंधार, वाकलेलं अंग, एकटं माणूस. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. गटाने जाणं, उजाडल्यावर जाणं, बोलत-ओरडत जाणं याने फरक पडतो. गावांत प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. वाघ दिसला की गर्दी आवरणं हे त्यांचं खरं काम, कारण मोबाइल घेऊन धावणारे शे-दोनशे लोक वाघापेक्षा जास्त धोक्याचे. माणूस गेला तर शासन वारसांना २५ लाख रुपये देतं. घरातला कर्ता गेल्यावर हा आकडा ऐकून कोणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

माणसं सतत मारणारा वाघ असेल तर त्याला काढावाच लागतो. यवतमाळच्या टी-१ वाघिणीला नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातली तेव्हा शहरात मोर्चे निघाले आणि पांढरकवड्याकडच्या गावांत फटाके फुटले. दोन्हीकडचे लोक खरे होते. माझा कल गावाकडे आहे. ज्यांना रात्री शेतात पाणी द्यायला जायचं असतं, त्यांचं म्हणणं आधी ऐकावं.

झुडपी जंगल म्हणजे पडीक जमीनच की. तिथे घरं बांधली तर काय बिघडलं?

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांच्या सातबाऱ्यावर हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीनच धरायच्या असं सांगितलं. आधीपासून वसलेल्या घरांना आणि सार्वजनिक वापराला सवलतीची वाट ठेवली. मोठ्या झाडांचं जंगल तेवढंच जंगल, ही आपली सवय. टिपेश्वरचा तो वाघ दिवसा कुठे झोपत होता ते आठवा. माळरानाचं दुखणंही हेच. पडीक म्हणून सोलापूरकडच्या माळांवर झाडं लावली, कालवे आणि तारा आल्या, आणि नान्नजचा माळढोक पक्षी आता जवळपास नाहीसा झाला.

कॅमेऱ्यात आमचाही फोटो येतो. तो कोण बघतं?

जनावरांच्या अभ्यासात माणसांचे फोटो वेगळे काढले जातात आणि ते फिरवायचे नसतात. मोहफुलं वेचणाऱ्या बाईचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणारा संशोधक असेल तर त्याची खुशाल तक्रार करा. आणि एक विनंती, कॅमेरा काढून नेऊ नका. विकला जात नाही, महिनाभराची मेहनत मात्र जाते.

मला यात काम करायचं आहे. काय शिकू?

प्राणिशास्त्र चालेल, पण संख्याशास्त्र जास्त कामी येतं. त्याहून जास्त कामी येतं ते सकाळी पाचला उठणं आणि वनमजुराशी नीट बोलता येणं. गोंडी शिकलात तर तुम्ही आमच्या पुढे गेलात.

आत्ता वाघ कुठे आहे, तेवढं लोकेशन सांगता का?

नाही.